नखरेल पोपटांना ताजी भाजी खायला कशी लावली? तुमचे अनुभव सांगा

घरात कॉकाटील, बजरीगर, लव्हबर्ड, कॉन्युर किंवा आफ्रिकन ग्रे असलेल्या सगळ्यांसाठी हा धागा आहे. चॉप, म्हणजे बारीक चिरलेल्या भाज्या आणि पाल्याचं मिश्रण, तुमचा पक्षी खायला कसा लागला ते लिहा. काय घालता, किती बारीक चिरता, कुठल्या वेळी देता, सगळं येऊ द्या. भाजी द्या असं सगळेच सांगतात. वाटी जशीच्या तशी परत आली की पुढे काय करायचं, ते मात्र कुणी सांगत नाही.

विषय गंभीर आहे. नुसत्या बियांवर वाढलेल्या पक्ष्यांत अ जीवनसत्त्वाची कमतरता नेहमी आढळते. नाक वाहणं, तोंडात पांढरट चट्टे, पुन्हा पुन्हा होणारा श्वासाचा त्रास ही तिची लक्षणं. राळ्यात आणि सूर्यफुलाच्या बियांत हे जीवनसत्त्व जवळपास नसतंच. गाजर, लाल भोपळा, लाल ढोबळी मिरची आणि गडद हिरव्या पाल्यातून मात्र पक्ष्याचं शरीर ते तयार करू शकतं.

लिहिण्याआधी दोन गोष्टी. आपला कंठवाला राघू आणि पहाडी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे त्यांच्याबद्दल इथे सल्ला नको. आणि ॲव्होकाडो, चॉकलेट, कांदा, लसूण, कच्चा राजमा, सफरचंदाच्या बिया यांतलं काहीही चॉपमध्ये जाता कामा नये. ॲव्होकाडोने पक्षी दगावतो.

पुणे, कॉकाटील

आमच्या चिंटूला चवीशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला ओलेपणा नको होता. कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला, जमिनीवर उतरून गवताचं बी टिपणारा. त्याच्यापुढे खोल वाटीत ओला गिचका ठेवला तर ते अन्न आहे हे त्याला कळणार कसं? म्हणून गाजर आणि भोपळा किसून सुती फडक्यात पिळून घेते, कोथिंबीर धुऊन पंख्याखाली पूर्ण सुकवते, आणि सगळं इतकं बारीक करते की कण राळ्याच्या दाण्याएवढा होतो. पोह्यासारखं मोकळं झालं पाहिजे. मग सपाट ताटलीत पसरून वरून थोडे राळे भुरभुरवते. राळे टिपता टिपता चोचीला गाजर लागतं. सुरुवातीला तो गाजर थुंकायचा, ते अगदी चालतं. थुंकण्यासाठी का होईना, चोचीत घेतलं ना!

वेळ सकाळची, उठल्या उठल्या. रात्रभराची भूक असते. तासाभराने बियांची वाटी ठेवायची म्हणजे ठेवायचीच. भाजी खात नाही म्हणून बिया बंद करून उपाशी ठेवणं जिवावर बेतू शकतं, लहान पक्ष्याला उपास सोसत नाही. आणि घरात ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा हवाच. कॉकाटील साधारण ८० ते १०० ग्रॅमचा असतो. सकाळचं वजन एक दशांशाने घटलं तर प्रयोग थांबवून सरळ पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे जायचं.

डोंबिवली, बजरीगर (जोडी)

आमच्याकडे उलटं आहे. पुण्याच्या ताईंनी पाला सुकवायला सांगितलाय, आमच्या दोघांना तो निथळत असतानाच हवा असतो. मेथीची किंवा कोथिंबिरीची जुडी पाण्यातून काढून दांडीजवळ उलटी टांगते. आधी दोघं त्यात अंग घासून आंघोळ करतात, मग पानं कुरतडायला लागतात. वाटीतल्या चिरलेल्या भाजीला अजूनही तोंड लावत नाहीत. टांगलेलं खातात तेवढं मला पुरे आहे. कीटकनाशकांमुळे पाला आधी मिठाच्या पाण्यात ठेवते आणि नंतर साध्या पाण्याने तीनदा धुते.

नागपूर, सन कॉन्युर

कॉन्युरवाल्यांची अडचण वेगळी. आमची मिठू फळ दिसलं की भाजीकडे बघत नाही. सकाळी चॉप आणि फळ फक्त संध्याकाळी, हातातून, एक लहान फोड, असा नियम केला तेव्हा ती भाजीकडे वळली. तिला भाजीत ओढणारी गोष्ट म्हणजे मक्याचे कोवळे दाणे आणि हिरवी मिरची. मिरची देताना घाबरू नका. मिरचीतल्या ज्या द्रव्याने आपल्या तोंडाची आग होते ते पक्ष्यांच्या चेतातंतूंना जाणवतच नाही. मिठू मिरची उभी फाडून आधी सगळ्या बिया संपवते.

आमच्या उन्हाळ्याबद्दल मात्र सगळ्यांनी वाचावं. पारा ४५ ला टेकतो तेव्हा चिरलेली भाजी बघता बघता आंबते. एप्रिल-मे मध्ये मी पहाटे वाटी ठेवतो आणि तासाभरात उचलतो, एरवीही दोन तासांच्या वर ठेवत नाही. काकडी याच दिवसांत देतो, पण ती फक्त पाण्यासाठी. पोषण म्हणून काकडीवर भिस्त ठेवू नका.

ठाणे, लव्हबर्ड

पालक रोज दिला तर चालेल का? आमची राणी हिरव्यात फक्त पालकच खाते.

कोल्हापूर, आफ्रिकन ग्रे

ठाण्याच्या ताई, रोज नको. पालकातलं ऑक्झॅलेट हे द्रव्य कॅल्शियमला बांधून ठेवतं, अंगी लागू देत नाही. अधूनमधून चार पानं दिलीत तर हरकत नाही. रोजच्यासाठी शेवग्याचा पाला घ्या, कॅल्शियम भरपूर आणि आपल्याकडे कुणाच्या ना कुणाच्या परसात झाड असतंच. ग्रे पोपटांत रक्तातलं कॅल्शियम घटून झटके येण्याचा धोका इतर पोपटांपेक्षा जास्त, म्हणून मी याबाबत काटेकोर आहे. शेवगा आणि समुद्रफेन (कटलफिशचं हाड) तर आहेच, शिवाय सकाळचं कोवळं ऊन, तेही काचेआडून नाही. ड जीवनसत्त्वासाठी लागणारे किरण काच अडवते आणि त्या जीवनसत्त्वाशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही.

आता नखऱ्यांचं. ग्रेला नवीन वस्तूचीच भीती वाटते. त्याच्या पिंजऱ्यात अनोळखी वाटी ठेवली तर तो कोपऱ्यात जाऊन बसतो, आतलं काय आहे हा प्रश्न पुढचा. बरेच दिवस मी चॉपची वाटी पिंजऱ्याबाहेर, त्याला दिसेल अशी नुसती ठेवत होतो. मग त्याच्यासमोर बसून त्यातलंच गाजर आणि वाफवलेलं रताळं स्वतः खायला लागलो, हळूहळू, कौतुक करत. त्याला दिलं नाही. पोपट थव्यात जेवणारा प्राणी आहे, आपल्या माणसाने खाल्लेलं त्याला सुरक्षित वाटतं. एके दिवशी मान लांब करून त्याने माझ्या बोटांतून रताळं ओढून घेतलं. त्या क्षणाचा आनंद अजून ताजा आहे. ग्रेला बारीक चिरलेलं आवडत नाही, पायात धरून खाता येईल एवढा तुकडा लागतो. फ्लॉवरचा दांडा, शेवग्याची कोवळी डहाळी, बिया न काढलेला ढोबळी मिरचीचा देठाकडचा भाग.

ज्यांच्याकडे ग्रे आहे त्यांनी परिवेश या केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या पोर्टलवरची नोंदणी केली आहे ना, तेही बघा. २०२४ च्या नियमांनी ती बंधनकारक आहे.

ब्रिस्बेन, एक्लेक्टस

आम्ही मूळचे सांगलीचे. इथे एक्लेक्टस जातीचा पोपट बऱ्याच घरांत दिसतो. नर हिरवागार, मादी लालभडक. या जातीचा पचनमार्ग इतर पोपटांपेक्षा लांब असतो असं मानतात, त्यामुळे तिचं जेवण मुख्यतः भाजी-फळांवरच चालतं आणि तेलकट बिया अगदी थोड्या द्याव्या लागतात. वरून जीवनसत्त्वांच्या पुड्यांचा मारा केला की पायाची बोटं सारखी आपटण्याचा त्रास या जातीत दिसतो, म्हणून सगळं ताज्यातूनच.

नोकरी करणाऱ्यांसाठी माझी पद्धत लिहिते. रविवारी आठवड्याचा चॉप करते. भाज्या धुऊन पूर्ण कोरड्या करायच्या, मग चिरायच्या. पाणी राहिलं तर फ्रीझरमधून काढल्यावर लगदा होतो. एका वेळचा भाग एका डबीत, आणि रात्री उद्याची डबी खाली फ्रीजमध्ये. गाजर, भोपळा, मटार, मका, ब्रोकोली हे गोठवणं सोसतात. काकडी आणि कोवळा पाला आयत्या वेळी घालायचा. शिजवलेली डाळ किंवा ब्राऊन राइस थोडासा मिसळला की मिश्रण ओलसर होत नाही. बीट घातलंत तर विष्ठा लालसर दिसेल. रक्त समजून घाबरू नका, पण बीट न देताही तशी दिसली तर थांबू नका, डॉक्टर गाठा.

पणजी, लव्हबर्ड (तीन)

ठाण्याच्या ताईंच्या राणीसाठी. लव्हबर्डला फाडायला आवडतं, विशेषतः मादीला. तिला चिरून देऊच नका. गाजराच्या सालकाढणीने लांब पट्ट्या काढा आणि पिंजऱ्याच्या गजांत विणा. केळीच्या पानाची धुतलेली पट्टी चालते, नारळाची ताजी झावळही चालते. फाडता फाडता पोटात जातं. आमच्या तिघांत एक खायला लागली आणि बाकीच्या दोघांनी तिच्या चोचीतलं पळवायला सुरुवात केली, मला वेगळं काही करावं लागलं नाही.

मोड आलेले मूग-मटकी तिघांनाही आवडतात. पण आमच्याकडच्या पावसात मोडांवर बुरशी लवकर धरते. मोड नुसते टोकाएवढे आले की लगेच द्यायचे, दर काही तासांनी खळखळून धुवायचे, आणि बोटांना चिकट लागले किंवा आंबूस वास आला तर सगळे टाकून द्यायचे. जून ते सप्टेंबर मी मोड बंदच ठेवते.

ठाणे, लव्हबर्ड

पणजीच्या ताई, आज गाजराच्या पट्ट्या विणल्या. राणीने एक पट्टी ओढून पिसांत खोचून ठेवली आहे, खाल्ली नाही अजून. हे चांगलं लक्षण समजू का?

पणजी, लव्हबर्ड (तीन)

हो, घरट्याचं सामान म्हणून घेतली आहे तिने. पीच-फेस्ड जातीच्या माद्या असंच करतात. चोचीत धरली म्हणजे भीती गेली. उद्या पट्ट्या जरा रुंद काढा आणि मधे शेवग्याची डहाळी खोवून बघा. शिल्लक राहिलेल्या पट्ट्या संध्याकाळच्या आत काढून टाका, पिसांत खोचलेलीसुद्धा.