सुपरनोव्हा फीडबॅक: भौतिकी की आकडे जुळवणं?

मृगशीर्ष: ईगल सिम्युलेशनमध्ये, म्हणजे दीर्घिकांच्या घडणीच्या संगणकीय प्रतिकृतीत, वायूचा एक कण (गणनेतला सर्वांत छोटा तुकडा) १८ लाख सूर्यवस्तुमानाचा. फीडबॅकचे, म्हणजे सुपरनोव्हा (ताऱ्यांचे स्फोट) भोवतालच्या वायूला किती ऊर्जा देतात याचे, आकडे दीर्घिकांचं तारकीय वस्तुमान आणि आकार जुळतील असे बसवलेले. मग ते जुळले यात नवल काय? याला भाकीत म्हणू नये. फायर या जास्त बारकाईच्या सिम्युलेशनप्रमाणे एकेक सुपरनोव्हाच घालायला हवा.

घनसांद्र: साफ असहमत. गणित मांडून बघा. ताऱ्यांच्या दर १०० सूर्यवस्तुमानामागे साधारण एक सुपरनोव्हा, प्रत्येकी १०^५१ अर्ग ऊर्जा. म्हणजे एका तारका-कणामागे (वायूच्या एका कणातून बनलेल्या, तेवढ्याच वस्तुमानाच्या ताऱ्यांच्या समूहामागे) १८ हजार स्फोट. ती ऊर्जा शेजारच्या ४८ कणांत वाटली तर तापमान जेमतेम पाच लाख केल्विननं चढतं. इतक्या तापमानाचा दाट वायू ती ऊर्जा झपाट्यानं किरणांत घालवून बसतो, दाब वाढतच नाही आणि तारे बेसुमार बनत राहतात. म्हणून ईगल चिठ्ठ्या टाकल्यासारखे मोजकेच कण निवडून ते एकदम १०^७.५ केल्विननं तापवतं. कूलिंग (वायूचं थंड होणं) कृत्रिमपणे बंद करावं लागत नाही. १०० मेगापार्सेकच्या (एक पार्सेक सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षांचा, मेगा म्हणजे दहा लाख) पेटीत एकेक स्फोट घालणं आज कुठल्याच संगणकाला झेपणारं नाही.

व्योमकेश: एकेक स्फोट घातला तरी सबग्रिड (गणनेला दिसत नाहीत इतक्या बारीक घडामोडींसाठी घातलेले ठोकळ नियम) सुटत नाही. घनता दर घनसेंटिमीटरला १०० अणू असेल तर स्फोटाचं कवच तीन-चार पार्सेकवरच थंड होतं. सेल (गणनेतला जागेचा एक तुकडा) याच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा असेल तर नुसती उष्णता ओतून उपयोग नाही, संवेग द्यावा लागतो. १० सूर्यवस्तुमान बाहेर फेकलं गेलं तर सुरुवातीचा संवेग सुमारे ३२ हजार सूर्यवस्तुमान-किमी/से. वायू गोळा होत तो दसपट होतो आणि तीन लाखांच्या आसपास अडतो. हजार सूर्यवस्तुमानाच्या सेलमध्ये ही कमाल मर्यादा लागू झालीच म्हणून समजा. मर्यादेइतका संवेग देऊन वर पूर्ण १०^५१ अर्ग उष्णताही ओतली, तर ऊर्जा दोनदा मोजली जाते. कोडमध्ये आधी हे तपासा.

शिवाय पहिला सुपरनोव्हा तीनेक दशलक्ष वर्षांनी फुटतो. तोवर तरुण ताऱ्यांचं प्रारण आणि वारे ढग पोखरत असतात. ते वगळले तर स्फोट दाट वायूतच वाया जातात.

मृगशीर्ष: संवेगाचा मुद्दा मान्य, पण ती मर्यादा एकट्या स्फोटाच्या बारीक सिम्युलेशनमधून येते, दीर्घिकांशी जुळवून नव्हे. ईगल आणि इलस्ट्रिस-टीएनजी या दोन्ही सिम्युलेशनांत तारकीय वस्तुमान जवळपास सारखं, तरी दीर्घिकेभोवतालचा वायू किती उरतो याची उत्तरं वेगळी. जे जुळवलेलं नाही तिथेच फाटतंय, आणि कसोटी तिथेच घ्यायला हवी.

घनसांद्र: त्या वायूच्या फरकात कृष्णविवरांच्या फीडबॅकचा वाटा मोठा आहे. तो सुपरनोव्हाच्या माथी मारू नका.