मदत हवी आहे : व्हाइसरॉयच्या दूतांचे १९३६-३७ मधील दौरे आणि लहान संस्थाने

सर्वांना नमस्कार. मी नाशिकचा. आज आपल्या जिल्ह्यातला तालुका असलेले सुरगाणा १९४८ पर्यंत संस्थान होते. त्यावर टिपण लिहिताना एका प्रश्नापाशी अडलो आहे.

१९३५ च्या भारत सरकार कायद्यातील प्रांतिक स्वायत्तता १९३७ मध्ये अमलात आली, पण ब्रिटिश प्रांत आणि संस्थाने मिळून संघराज्य करण्याचा भाग संस्थानिकांच्या संमतीवर टांगलेला राहिला. वरिष्ठ सभागृहातील संस्थानांच्या १०४ जागांपैकी किमान ५२ जागांचे हक्कदार असलेले आणि एकूण संस्थानी प्रजेपैकी निम्म्या प्रजेवर राज्य करणारे राजे सामीलनाम्यावर सही करत नाहीत, तोवर संघराज्य अस्तित्वात येणार नव्हते. म्हणून व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी १९३६-३७ च्या हिवाळ्यात लॅटिमर, वायली आणि लोथियन या तीन अधिकाऱ्यांना संस्थानिकांची समजूत घालण्यासाठी पाठवले. (हे आर्थर लोथियन. मताधिकार समितीचे लॉर्ड लोथियन वेगळे. मी स्वतः बरेच दिवस दोघांना एकच समजत होतो.) त्याच डिसेंबरात खानदेशातील फैजपूरला काँग्रेस हा कायदाच धुडकावून लावत होती.

माझा समज असा की, दूत गेले योजना समजावून सांगायला आणि परतले ते आक्षेपांची गाठोडी घेऊन. जकातीचे उत्पन्न, रेल्वेवरील हक्क, जुने तहनामे, संघराज्याचे कर असे एकेक कलम काढून दरबारांनी घासाघीस सुरू केली. पुढे सुधारित अटीही जून १९३९ मध्ये मुंबईच्या बैठकीत संस्थानिकांनी नाकारल्या आणि सप्टेंबरात युद्ध सुरू होताच सरकारने योजना स्थगित केली.

हे चित्र मोठ्या दरबारांचे झाले. ज्यांचे गट करून एकेक जागा वाटून दिली होती, त्या लहान संस्थानांशी दूत प्रत्यक्ष बोलले, की पोलिटिकल एजंटामार्फत (संस्थानांवर देखरेख ठेवणारा ब्रिटिश अधिकारी) नुसती पत्रे गेली? वाटाघाटीला बसवण्यासारखा दिवाणही ज्यांच्याकडे नसेल, त्यांच्या वतीने उत्तर कोण लिहीत असे? सुरगाण्याचा किंवा दख्खनच्या एखाद्या छोट्या संस्थानाचा असा पत्रव्यवहार कोणी पाहिला असल्यास तो मुंबई, पुणे, कोल्हापूर की दिल्लीच्या दप्तरात आहे आणि कोणत्या विभागाच्या नावाखाली मागावा, हे कृपया कळवावे. मोडी मी वाचू शकतो, त्यामुळे कागद मोडीत असले तरी अडचण नाही.