नर्मदेकाठचं गाव, तिथलं खाणं : मुलांना घेऊन कोण काय करतंय?

रेवाकाठ, इंदूर
काल घरी पानिये केले, म्हणजे पळसाच्या पानात भाजलेल्या मक्याच्या भाकऱ्या. पळसाचं पान करपल्याचा तो वास आला आणि आजी डोळ्यांपुढे उभी राहिली. तिने पायी परिक्रमा केली होती, नदी सतत उजव्या हाताला ठेवून. परत आल्यावर निखाऱ्यावर टिक्कड करायची आणि थापता थापता गावांची नावं घ्यायची. मंडलेश्वर, ओंकारेश्वर, नेमावर. मला ही नावं शाळेच्या आधी तिच्या कणकेतून कळली.

माझी लेक ९ वर्षांची. पावसाळ्यात एकदा नळ आला नाही तेव्हा विचारते, आई, आपलं पाणी येतं कुठून? म्हटलं, नर्मदेचं, जलूदहून पंपाने चढवून आणतात. तिला खरंच वाटेना. नदी तर खाली आणि आपण वर! त्या दिवसापासून रविवारी नर्मदेकाठचा एक मुलूख घ्यायचा, नकाशात बोट ठेवायचं आणि तिकडचं काहीतरी रांधायचं. तळण शक्यतो नाही.

काल अलीराजपूर होतं. मक्याचं पीठ गरम पाण्यात तिनेच मळलं, दोन पानांच्या मध्ये थापलं. गोवऱ्या कुठून आणू, जाड तव्यावर झाकण ठेवून मंद भाजले. पान सोललं तर पानियावर सगळ्या शिरा उमटलेल्या. मधल्या जाड शिरेवरून बोट फिरवत म्हणते, ही नर्मदा. ही तवा, ही हिरन, ही शक्कर. मी बघतच राहिले. सोबत उडदाची डाळ होती, ती निवून गेली.

तुम्हीही लिहा ना. कुठलीही नदी, कुठलंही गाव चालेल.

कढीपत्ता
आधी हे सांग, पळसाची पानं मिळाली कुठे??

रेवाकाठ
सिमरोलच्या घाटात, सडकेच्या कडेला. धुळीने माखली होती, तीनदा धुतली.

दोन_पोरांची_आई
आमच्याकडे डिंडोरीची कुटकी, भातासारखं शिजवायचं बारीक भरडधान्य. धाकट्याला पांढऱ्या भाताशिवाय काही चालत नाही म्हणून मुद्दाम आणली. पहिल्यांदा पार लगदा झाला. मग अर्धा तास भिजवून, वाटीला दोन वाटी पाणी, मुगाची डाळ, वरून तुपाची धार. धुवायचं काम त्याचं. दाणा इतका बारीक की चाळणीतून निसटून सिंकमध्ये, आणि हा एकेक बोटाने उचलतोय! ताटातला सगळा संपवला, मी उचललेला आहे म्हणाला. नंतर नकाशा काढला. अमरकंटकहून नर्मदा पश्चिमेला आणि शोण दुसरीकडे जाते हे पाहून रात्री झोपेपर्यंत एकच प्रश्न, दोघी एका घरच्या तर वेगळ्या का गेल्या

सुगरण_सासू
@दोन_पोरांची_आई आमच्या कॉलनीत आजही नळ नाही गं. तीन दिवस टँकर. कुटकी धुवायला पाणी कुठलं आणू

दोन_पोरांची_आई
अरे देवा. काकू, आमच्याकडून दोन कॅन घेऊन जा, बोअरिंगचं आहे पण गोडं आहे.

ग्वाल्हेरची_मावशी
तुमच्या इंदूरहून आमच्याकडे येते ती चंबळ, बरं का. महूजवळ जानापावच्या डोंगरात उगम आणि इथे शेजारी मुरैन्यात केवढं तिचं पात्र! नातवाला गजकेच्या निमित्ताने सांगितलं. तीळ भाजायचे, गुळाचा पाक ओढायचा आणि मग कुटायचं. कुटण्यावर पोरं खूश असतात. पाकाला मात्र हात लावू देऊ नका, भाजतं. माझं मनगट दुखतंय परवापासून, कोणी लेप सांगेल का

कढीपत्ता
मावशी, आंबेहळद उगाळून लावा.

बडोद्याचे_काका
शेवट आमच्याकडे आहे हे विसरू नका. १३१२ किलोमीटर चालून नर्मदा भरूचपाशी खंभातच्या आखातात मिळते. भरूचची खारी शेंग प्रसिद्ध. नातीने शेंगदाणे मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवले, मी लोखंडी कढईत गरम मिठात परतले. तेलाचा थेंब नाही. तिला विचारलं, मीठ कुठलं? म्हणाली, समुद्राचं, जिथे नदी जाते तिथलं. सालं फुंकून तिने सगळी ओसरी लाल केली. सूनबाई रागावली नाही, हे विशेष.

खानदेशी
आणि महाराष्ट्राचा काठ? नंदुरबारच्या सातपुड्यात ५४ किलोमीटर आहे! दादर म्हणजे आमच्याकडची ज्वारी, तिची भाकरी करा, सोबत मिरचीचा ठेचा. मुलांना बिनमिरचीचा, शेंगदाणे आणि लसूण जास्त घालून.

नवी_आई_इंदूर
वाचून छान वाटलं पण मला रात्री ८ ला घरी पोहोचून हे जमत नाही. वाईट वाटतं.

रेवाकाठ
अगं वाईट वाटून घेऊ नकोस. महिन्यातून एकदा कर. नाहीतर मुलाला इकडे पाठव, एक पाट जास्त मांडायचा एवढंच. @खानदेशी दादर इथे सियागंज बाजारात मिळेल का? मग पुढचा रविवार नंदुरबारचं धडगाव.

खानदेशी
माझा भाऊ शनिवारी येतोय जळगावहून. पाच किलो आणायला सांगतो.

कढीपत्ता
पानं उरली असतील तर चार ठेव गं, संध्याकाळी येते.