परवानगी देणारे आणि तपासणारे एकाच घरचे

‘लपवण्यासारखं काही नसेल तर सरकारने फोन ऐकला म्हणून काय बिघडलं,’ असं फोन टॅपिंगबद्दल बोलताना अनेक जण विचारतात. मी नाशिकरोडला राहतो. इकडे नोटांचा छापखाना, पलीकडे देवळालीचा तोफखाना. सुरक्षेचं मोल आम्हाला कुणी सांगायला नको. पण फोन ऐकण्याचा आदेश गृहसचिव काढतात आणि तो तपासणाऱ्या समितीतही सचिवच. न्यायाधीश कुठेच नाही! पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिलेल्या निकालातून ही समिती आली. २०१७ मध्ये गोपनीयता मूलभूत हक्क ठरली, तरी ही रचना तशीच आहे. आदेश १८० दिवसांपर्यंत वाढवता येतो आणि ज्याचं बोलणं ऐकलं, त्याला नंतरही कळवत नाहीत. मग दाद मागायची कशी? पत्रकाराला माहिती देणाऱ्या कारकुनाकडे लपवण्यासारखं असतंच की, आणि तो गुन्हेगार नसतो.