मदत हवी आहे: हायस्कूलचा दहावीचा निकाल कशामुळे पडला, हे आकड्यांत कसं मांडायचं?

नमस्कार मंडळी. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबी भागात आमचं सरकारी मराठी हायस्कूल आहे, आठवी ते दहावी. मी तिथल्या एसडीएमसीवर (शाळेची विकास समिती) पालक सदस्य. पोटापाण्याला इलेक्ट्रिशियन, त्यामुळे हिशेब येतो, पण असले तक्ते कधी केले नाहीत.

दहावीचा निकाल खाली आलाय. वरून कारणं मागवलीत. परवाच्या मीटिंगमध्ये एक सदस्य सरळ बोलून गेले, "वस्तीवरची पोरं वाढली की, निकाल पडायचाच!" वस्ती म्हणजे जंगलातली गवळी-धनगरांची घरं. दोघातिघांनी माना डोलावल्या. आता तेच बोलणं लेखी उत्तरात "विद्यार्थ्यांची सामाजिक पार्श्वभूमी" असे इस्त्रीचे कपडे घालून जाणार. मला ते पटत नाही. पण नुसतं पटत नाही म्हणून कोण ऐकतंय?

पट बदललाय हे खरंच आहे. हातात चार पैसे असलेल्यांनी मुलं खानापूर-बेळगावला इंग्रजी माध्यमात घातली. जून 2023 पासून शक्ती योजनेत बायका-मुलींना बस फुकट झाली, तेव्हापासून गावातल्या बऱ्याच मुलीही शहराकडे जाऊ लागल्या (चांगलंच झालं, तक्रार नाही). मागे उरले ते मुलगे जास्त. आईबाप गोव्यात कामाला आणि पोर आजीजवळ, अशी कितीतरी घरं. आणि वस्तीवरची मुलं.

हेडमास्तर चांगले आहेत, त्यांनी हजेरीपट समोर ठेवला. जुलै-ऑगस्टच्या पानांवर वस्तीवरच्या मुलांपुढे लाल शाईच्या खुणा सलग, एकाच दिवशी सगळे गैरहजर, मग एकाच दिवशी सगळे हजर. हा आळस नव्हे. मधल्या ओढ्याला पाणी आलं की वाटच बंद. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. त्याच पटात दुसरी गोष्ट सापडली. नापास झालेल्यांत गावातली, डांबरी रस्त्याला लागून घर असलेली मुलंही आहेतच, आणि बहुतेक सगळे अडकलेत ते गणित नाहीतर विज्ञानात. गणिताची जागा रिकामी, गेस्ट टीचर येतो तो शाळा सुरू होऊन बरेच दिवस गेल्यावर. मराठी शाळेतली पोरं कन्नडात गटांगळ्या खातात असं बाहेर सगळे धरून चालतात. आमच्याकडे कन्नडात फारसं कोणी राहिलेलं नाही.

तर विचारायचं असं. वस्ती, हजेरी, रिकामी जागा यांतलं कशाचं वजन किती, हे एवढ्या लहान शाळेत कसं काढायचं? मराठी माध्यमाच्या इतर सरकारी शाळांशी तुलना करायची तर आकडे कुठे मिळतील? आणि जातीचा रकाना घालावा की नको? वर्ग लहान आहे, तक्ता भिंतीवर लागला की कोण कुठलं ते गाव लगेच ओळखणार.

—

जुना फळा: गणित शिकवून निवृत्त झालोय, म्हणून थोडं फटकळ लिहितो. आधी निकालाची टक्केवारी बाजूला ठेवा. पंचवीस मुलांच्या वर्गात एक पोर म्हणजे 4 टक्के. दोन पोरं तापाने पडली तरी तुमची शाळा "घसरली". दुसरं, 2023 चा आकडा पुढच्या वर्षांशेजारी मांडूच नका. 2024 पासून केंद्रांवर वेबकास्टिंग आलं, म्हणजे पेपर चालू असताना कॅमेऱ्यातून वरून थेट नजर. त्या वर्षी ग्रेस मार्क 10 वरून 20 टक्के करूनसुद्धा राज्याचा निकाल 83.89 वरून 73.40 वर आला. 2025 ला वाढीव ग्रेस काढला आणि तो 62.34 झाला. सगळं राज्य उतरलं त्यात तुमच्या वस्तीवरच्या पोरांनी काय केलं? आणि बघायचेच असतील तर गणित-विज्ञानाचे 80 पैकी लेखी गुण बघा. अंतर्गत 20 सगळ्यांना जवळपास सारखेच पडतात, आपल्याला माहीत आहे कसे ते.

सीमेवरची: दादा, मी निपाणीकडे एका अनुदानित हायस्कूलमध्ये आहे. शाळेचा 11 आकडी यूडायस कोड (सरकारी नोंदीतला शाळेचा नंबर) घ्या, यूडायसच्या पोर्टलवर पट, मुलगे-मुली, प्रवर्ग, माध्यम, शिक्षकसंख्या असं बरंच उघडं आहे. निकाल मात्र तिथे नाही. माध्यमवार निकाल डीडीपीआय (जिल्ह्याचे शिक्षण उपसंचालक) ऑफिसकडे माहिती अधिकारात मागा, 10 रुपये फी, 30 दिवसांची मुदत. खानापूर बेळगाव शैक्षणिक जिल्ह्यात येतं आणि आमचं निपाणी चिक्कोडीत, तेव्हा दोन्हीकडे वेगळे अर्ज लागतील. अर्ज कन्नडात लिहून द्या, टोलवाटोलवी कमी होते. जातीचा रकाना अजिबात नको. त्याऐवजी "पावसात वाट बंद होते का" हा रकाना घाला. तुमचं म्हणणं तेच आहे ना?

जुना फळा: ताईंचा रकाना झकास. अजून एक. आठवीत दाखल झालेले किती आणि त्यांतल्या किती जणांनी दहावीचा फॉर्म भरला, हे जनरल रजिस्टरवरून काढा. कच्ची पोरं नववीतच दाखला देऊन वाटेला लावायची आणि पेपरात शंभर टक्के निकालाचा फोटो छापायचा, असल्या शाळांशी तुमची तुलना होणार असेल तर हा आकडा आधी टेबलावर पाहिजे. आणि आठवीच्या सुरुवातीला सेतुबंधाची (मागच्या इयत्तांची उजळणी) पूर्वचाचणी होते, तिचे गुण शोधा. सातवीतून पोर कुठल्या पायरीवर आलं आणि दहावीत कुठे पोचलं, ते पोरागणिक मांडा. वस्तीवरचं पोर खालून सुरू करून गावातल्याएवढंच चढलं असेल तर तुमच्या त्या सदस्यांना उत्तर मिळालं.

धागाकर्ता: सर, ताई, खूप आभार. जनरल रजिस्टर सोमवारी बघायला मिळेल. वाटेचा रकाना घालतोच, आणि एक मनात आलंय: गेस्ट टीचर रुजू झाल्याची तारीख प्रत्येक वर्षासमोर लिहितो, म्हणजे ज्यांनी कारणं मागवली त्यांनाही ती वाचावी लागेल. सेतुबंधाचं मात्र अडलंय. आठवीचे जुने पेपर रद्दीत गेले असं शिपाईमामा म्हणतात. गुणांची यादी वेगळी कुठे ठेवतात का, वर्गशिक्षकांच्या वहीत की ऑफिसात? कुणाला माहीत असेल तर सोमवारच्या आत सांगा.