मदत हवी आहे: एचडीएलमुळे प्लासेंटल लॅक्टोजेन कसं वाढतं?

नमस्कार मंडळी. गरोदरपणातल्या संप्रेरकांवरच्या सेमिनारची तयारी करतेय, एका मुद्द्यावर अडलेय. एलडीएल आणि एचडीएल हे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, तर प्लासेंटल लॅक्टोजेन हे वारेचं संप्रेरक. एलडीएलचं काम समजतं: वारेच्या पेशी ते रिसेप्टरने आत ओढतात, लायसोसोममध्ये (पेशीच्या पचनपिशवीत) कोलेस्टेरॉल सुटं होतं, मायटोकॉन्ड्रियात त्याचं प्रेग्नेनोलोन आणि पुढे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बनतं. सरळ कच्चा माल. पण एचडीएलने लॅक्टोजेनचं स्रवण का वाढावं? ते तर प्रथिन, कोलेस्टेरॉलपासून बनतच नाही! शिवाय पेशींवरच्या प्रयोगांत मेद काढून नुसतं अपोए-वन (एचडीएलमधलं मुख्य प्रथिन) दिलं तरी परिणाम दिसतो. म्हणजे हा पेशीला मिळणारा संदेशच असणार, असं मला ठामपणे वाटतं. तो आत कोणत्या वाटेने जातो, प्रोटीन कायनेज सी की सायक्लिक एएमपी (दोन्ही पेशीतले संदेशमार्ग)? ट्रोफोब्लास्टवर (वारेच्या पेशींवर) काम केलेल्यांनी कृपया जरा सविस्तर सांगा.