प्रतिसाद: कल्याण अधिकारी ते कोच

‘एचआरमधून कोचिंगकडे वळणं म्हणजे निवृत्तीची सोय’, असं वर एकांनी म्हटलंय. मला हे अजिबात पटत नाही. (कोचिंग म्हणजे इथे शिकवणी नव्हे, तर नोकरदार माणसाचं ऐकून, प्रश्न विचारून त्याला स्वतःची वाट शोधायला मदत करणं.) माझी सुरुवात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी म्हणून झाली. १९४८ च्या कारखाने अधिनियमानुसार ५०० कामगार असले की हे पद भरावंच लागे, मालकाच्या मर्जीचा प्रश्नच नव्हता. कॅन्टीन, पाळणाघर, उचल, घरचं आजारपण... माणूस केबिनच्या दाराशी उभा राहून आधी पावसाबद्दल बोलायचा, मग हळूहळू मुद्द्यावर यायचा. ऐकायला मी तिथे शिकलो.

कोचिंगचं रीतसर शिक्षण नंतर. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रालाच १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो.

मध्यंतरी अंधेरीच्या ऑफिसात एक टीम लीड अर्धा तास फक्त टार्गेटबद्दल बोलत होती, समोरच्या चहावर साय धरली तरी. विचारलं, घरी किती वाजता पोचतेस? म्हणाली, बदलापूरला, साडेदहा. आणि रडायलाच लागली. तिच्या संमतीने साहेबांशी बोललो आणि सातची रोजची मीटिंग साडेचारवर आणली.

मात्र कुणी ‘जगणं नकोसं झालंय’ म्हणालं, तर कोचने तिथेच थांबावं, तज्ज्ञाकडे न्यावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. आमच्या पॅन्ट्रीत तो मायक्रोवेव्हच्या वर चिकटवलाय, कारण डबा गरम होईपर्यंत प्रत्येक जण तिथे उभा असतो.